हवेवरचा कटर आणि एक पाटी

काचीगुडा स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी डब्यांखालून ‘फिस्स’ असा आवाज येतो. लहानपणापासून ऐकत आलेय. तो ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेचा आवाज असतो, हे मला या वर्षी कळलं, आणि तेही स्टेशनवर नाही, मामाच्या वर्कशॉपमध्ये. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसानं 1869 साली हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. आज आपल्या रेल्वेत डब्यांखालून जाणाऱ्या ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो आणि शेजारच्या फीड पाइपमध्ये 6 किलो दाबाची हवा असते. मामाच्या दुकानात पत्रा कापणाऱ्या कटरला 90 पीएसआय हवा लागते, म्हणजे साधारण 6.3 किलो. अख्खी गाडी थांबवणारा आणि मामाच्या मुठीत मावणारा दाब जवळजवळ एकच आहे.

मामाचं वर्कशॉप स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. ग्रिल, गेट, स्टीलचे रॅक असली कामं. मामा, एक म्हातारे मिस्त्री आणि दोन हेल्पर पोरं, एवढीच माणसं. मी सुट्टीत तिथं बिलं लिहायला जाते. अशाच एका दुपारी आतून बंदुकीसारखा आवाज आला. धावत गेले तर नवा पोरगा भिंतीला टेकून पांढराफटक उभा, आणि लाकडी दारात चाकाचा अर्धा तुकडा रुतलेला. त्याच्या डोक्यापासून वीतभर लांब.

झालं होतं असं. तीन इंची चाकं संपली होती. पोरानं हवेच्या कटरचं गार्ड काढलं, मोठ्या भोकात बुश घातला आणि हँडग्राइंडरचं चार इंची चाक बसवलं. त्याच्या दृष्टीनं चाक म्हणजे चाक. त्याला वेगळं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी मामा म्हणाला, “तू भाषा शिकतेस ना? मग एक पाटी लिहून दे. भिंतीवर लावू.” मी लगेच लिहिलं, ‘सुरक्षितता सर्वप्रथम’. मामानं वाचलं आणि म्हणाला, “अगं, हे तर ट्रकच्या मागंपण लिहितात. यातून पोरानं काय करायचं?”

खरंच होतं ते. मलाच कटर कसा चालतो ते माहीत नव्हतं, तर पाटी काय लिहिणार! मग महिनाभर मिस्त्रींना विचारलं, यंत्रांबरोबर आलेली पुस्तकं वाचली, थोडा भौतिकशास्त्राचा हिशेब मांडला. आपल्या मंडळाच्या अंकात कटरवर लेख कशाला, असं कुणाला वाटेल. पण चार ओळींची उपयोगी पाटी लिहायला किती समजून घ्यावं लागतं, हा आपल्याही विषयातलाच प्रश्न आहे.

विजेचा सोडून हवेचा का?

विजेचा ग्राइंडर असताना हवेवरचा कटर का वापरायचा, हा माझा पहिला प्रश्न. मिस्त्रींचं उत्तर सरळ होतं: “ये जलता नहीं, झटका नहीं मारता, हात में हलका है.” विजेची मोटर अडकली की आत तार तापून जळते. हवेची मोटर अडकली तर फक्त थांबते. ओल्या फरशीवर शॉकची भीती नाही. मोटरमध्ये तांब्याची तार नाही, त्यामुळे वजन कमी, आणि रॅकच्या अरुंद कोपऱ्यातही हात पोचतो.

ही युक्ती जुनी आहे. आपल्या भोर घाटातला रेल्वेमार्ग 1856 ते 1863 या काळात झाला. तिथले बोगदे हातातल्या पहार-घणानं भोकं पाडून आणि त्यात सुरुंगाची दारू ठासून फोडले. त्याच सुमारास आल्प्समध्ये फ्रान्स आणि इटली यांच्यामधला फ्रेजूस बोगदा चालू होता. तिथंही 1857 मध्ये सुरुवात हातानंच झाली. मग 1861 पासून जर्मेन सोमेये या इंजिनिअरनं दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल आणली आणि कामाचा वेग वाढला. 1870 च्या नाताळाच्या सुमारास दोन्ही बाजूंचे कामगार डोंगराच्या पोटात एकमेकांना भेटले. ड्रिलमधून बाहेर पडणारी हवा त्या कोंडलेल्या बोगद्यात कामगारांना श्वासालाही उपयोगी पडत होती. कोळशाच्या इंजिनाला हे जमलं नसतं.

आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर न्युमॅटिक कंपनी 1958 साली सुरू झाली. आज गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडेही कॉम्प्रेसर असतो. यंत्र घरोघर पोचलं, पण ते सांभाळायची माहिती त्याच्याबरोबर पोचली नाही.

आता हवेची मोटर फिरते कशी? कटरच्या मुठीत एक छोटा सिलिंडर असतो. त्यात एक रोटर, पण मधोमध नाही, एका बाजूला सरकवून बसवलेला. रोटरला लांबट खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक पातळ पट्टी सैल सरकते. तिला व्हेन म्हणतात. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन सिलिंडरच्या भिंतीला घासत राहतात. दोन पट्ट्यांमधल्या जागेत हवा शिरते, पसरायला जागा शोधते आणि पट्टीला पुढं ढकलते. एवढंच. लहान मुलाच्या भिरभिऱ्यासारखं, फक्त मिनिटाला वीस हजार फेरे.

या रचनेत दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: पट्ट्या खाचेत मोकळ्या सरकल्या पाहिजेत, आणि भिंतीशी त्यांची फट राहता कामा नये. पाणी, गंज, कचरा आणि सुकलेलं तेल, चारही शत्रू नेमके इथंच येऊन बसतात.

दाब दिसतो, प्रवाह दिसत नाही

कॉम्प्रेसरवरच्या घड्याळात काटा 90 वर असला म्हणजे सगळं ठीक, असं मला वाटायचं. पण तो काटा कटर बंद असतानाचा असतो. कटरचा लिव्हर दाबला की हवा वाहायला लागते, आणि लांब, बारीक पाइपमध्ये दाब गळतो. टोकाला 60 सुद्धा राहत नाही. मग कटर मंदावतो, पोरगा जोर लावून दाबतो, चाक अडकतं, तुटतं. किंवा कुणीतरी हुशारी करून रेग्युलेटर 120 वर नेतो. मग मोकळा फिरताना कटर नेमून दिलेल्या वेगाच्या पुढं जाऊ शकतो.

म्हणून नियम असा: दाब बघायचा तो कटरच्या तोंडाशी, लिव्हर दाबलेला असताना. तिथं 90 हवा. तो कमी पडत असेल तर दाब वाढवण्याआधी पाइप बघायचा. दोन सुती पाइप असेल तर तीन सुती घ्यायचा, आणि लांबी कमी ठेवायची. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा शब्द मला पुस्तकात मिळाला नाही, दुकानातच मिळाला.) क्विक कपलरसुद्धा मोठ्या भोकाचा लागतो, नाहीतर पाइप जाड आणि तोंड बारीक अशी गत होते.

दुसरी गफलत कटरच्या खोक्यावरच्या आकड्यात आहे. तिथं ‘सरासरी हवा 4 सीएफएम’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला चार घनफूट. पण बऱ्याचदा हा आकडा मिनिटातली पंधरा सेकंदंच कटर चालवला असं धरून काढलेला असतो. सलग चालवला तर तोच कटर 15 ते 20 सीएफएम पितो. कॉम्प्रेसरकडून मात्र एका एचपीमागे साधारण तीन ते चार सीएफएमच मिळतात. मामाचा कॉम्प्रेसर 5 एचपीचा आहे. म्हणजे एक कटर सलग चालला तर कॉम्प्रेसर पूर्ण कामाला लागतो. दोन एकदम चालवले तर दोन्ही मरगळतात.

याच हिशेबात गळती बघा. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या एका भोकातून सेकंदाला साधारण 10 लिटर हवा निघून जाते. हे 20 सीएफएमच्या वर झालं. मामाचा अख्खा कॉम्प्रेसर तेवढीच हवा तयार करतो! एवढं मोठं एक भोक सहसा नसतं, पण पाच-सहा सैल जोड मिळून तेवढं होतं. दुपारी जेवायच्या वेळी, सगळं बंद असताना, मिस्त्री साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जोडावर लावतात. जिथं बुडबुडे येतात तिथं टेफ्लॉन टेप. हवा फुकट आहे, पण दाबलेली हवा विजेच्या बिलावर येते.

पाणी कुठून आलं?

जुलैत एकदा कटरमधून तांबूस पाण्याचे शिंतोडे उडाले. मी विचारलं, पाइपमध्ये पाणी कुणी घातलं? कुणीच नाही. ते हैदराबादच्या हवेतच होतं.

हिशेब सोपा आहे. पावसाळ्यात 27 अंश तापमानाला हवेत 75 टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण 19 ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसर आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंबतो. म्हणजे 150 ग्रॅमच्या वर वाफ एका घनमीटरात आली. पण त्याच तापमानाला एक घनमीटर जागा जेमतेम 26 ग्रॅम वाफ धरू शकते, मग हवा दाबलेली असो की मोकळी. उरलेली वाफ पाणी होऊन खाली बसते. वर्कशॉपमध्ये सरासरी 10 सीएफएम हवा वापरली गेली, तर तासाला पाव लिटरहून जास्त पाणी. दिवसभराच्या कामात दोन लिटरची बाटली भरेल.

हे पाणी टाकी आतून गंजवतं, तो गंज पाइपातून कटरमध्ये जातो आणि पट्ट्यांच्या खाचा भरतात. पाणी तेलही धुऊन नेतं. म्हणून रोज काम संपल्यावर टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक उघडायचा, पावसाळ्यात दुपारीही. मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, पाणी कमी निघतं. म्हणूनच उन्हाळ्यात लागलेली ‘आज राहू दे’ ही सवय जुलैत महागात पडते.

टाकीतून बाहेर पडणारी हवा गरम असली तर तिच्यातलं पाणी पुढं पाइपात थंड होऊन पडतं. त्यामुळे भिंतीवरच्या मुख्य पाइपाला कॉम्प्रेसरपासून दूर जाणारा थोडा उतार द्यायचा, शेवटी खाली पाणी काढायची तोटी ठेवायची, आणि कटरसाठी फाटा काढायचा तो पाइपाच्या वरच्या बाजूनं, उलट्या ‘यू’सारखा वळवून. पाणी खालून पुढं जातं, हवा वरून मिळते. फिल्टरची काचेरी वाटी वेगळी. तिच्यातलं पाणी खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही.

आणि टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याला छोटी कडी असते. ती अधूनमधून ओढून हवा सुटते का ते बघायचं. गंजून चिकटलेला व्हॉल्व्ह असला काय आणि नसला काय. तो गळतो म्हणून त्या जागी बोल्ट ठोकणारे लोक आहेत, असं मिस्त्री म्हणाले. असं करणं म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यात बॉम्ब ठेवणं.

चार थेंब

कटरला तेल लागतं ते दोन कारणांसाठी. पट्ट्या झिजू नयेत म्हणून, आणि पट्टी व भिंत यांच्यामधली बारीक फट तेलाच्या थरानं बंद व्हावी म्हणून. तेल संपलं की झीज आधी दिसत नाही, ताकद कमी झालेली दिसते.

पद्धत अशी: सकाळी जोडण्याआधी हवा शिरते त्या तोंडात चार-पाच थेंब, मग काही सेकंद मोकळा चालवायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. संध्याकाळचं जास्त महत्त्वाचं, कारण आत राहिलेलं पाणी रात्रभर लोखंडावर बसणार असतं. तेल घातल्यावर पहिल्यांदा चालवताना हवा बाहेर पडते तिथं फडकं धरायचं, नाहीतर काळं तेल शर्टावर येतं. (माझ्या आलं.)

तेल पातळ, हवेच्या हत्यारांसाठीचंच. गाडीचं इंजिन ऑइल जाड असतं, त्यात इतर रसायनं असतात, त्यानं पट्ट्या खाचेत चिकटतात. गंज सोडवणारा स्प्रेही तेलाची जागा घेत नाही. तो साफ करून उडून जातो. कटरचं डोकं काटकोनात वळलेलं असेल तर आत गिअर असतात. त्यांना तेल नाही, ग्रीस. त्यासाठी बाजूला निप्पल असतं.

लाइनमध्ये तेल सोडणारा ल्युब्रिकेटर बसवला तर थेंब विसरायची भीती नाही. पण त्याच पाइपानं कुणी पुढं रंगाची गन लावली तर रंगात तेलाचे डोळे पडतात. मामाकडे म्हणून रंगाचा पाइप वेगळा आणि त्याला लाल पट्टी.

एवढं करूनही कटर मंद पडला तर? आधी टोकाचा दाब, मग तोंडातली जाळी कचऱ्यानं भरली आहे का ते, मग थोडं तेल घालून मोकळा चालवणं. तरीही नाही, तर उघडून पट्ट्या बघायच्या. टोकं तुटली असतील, उंची खाचेपेक्षा बरीच कमी झाली असेल, तर पूर्ण संच बदलायचा. एक नवी आणि बाकीच्या जुन्या असं केलं तर रोटर डगमगतो. उघडायच्या आधी हवेचा पाइप काढायचा, हे सांगायला नको. पण चाक बदलतानाही काढायचा, हे मात्र रोज सांगावं लागतं. लिव्हरवर चुकून अंगठा पडायला एक क्षण पुरतो.

त्या दुपारी नेमकं काय चुकलं

आता दारात रुतलेल्या तुकड्याकडे येऊ. कापायच्या चाकाच्या लेबलवर जास्तीत जास्त फेरे लिहिलेले असतात. अशा बऱ्याच चाकांची हद्द कडेच्या वेगात सांगितली जाते: सेकंदाला 80 मीटर. तीन इंची (75 मिलिमीटर) चाक वीस हजार फेऱ्यांनी फिरलं की त्याची कड सेकंदाला 78 मीटरच्या वर धावते, म्हणजे तासाला सुमारे 280 किलोमीटर. हद्दीच्या जरासं आत.

चार इंची चाकावर मात्र 15,300 फेरे लिहिलेले असतात. तेच चाक वीस हजारांवर फिरवलं की कड सेकंदाला 105 मीटर जाते. आणि चाकाला फाडू बघणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिशेब केला तर तो ठरलेल्या हद्दीच्या 1.7 पट झाला. वर गार्ड नाही, बुश सैल. चाक फुटलं यात नवल नाही. पोरगा वाचला हे नवल.

म्हणून चाकाबद्दल चार गोष्टी. लेबलवरचे फेरे कटरच्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नयेत. भोक बरोबर बसलं पाहिजे, जुगाड नको. गार्ड काढायचं नाही. गार्डात न बसणारं चाक त्या कटरचं नव्हेच. आणि मधल्या धातूच्या कडीवरची तारीख बघायची. राळेनं बांधलेली ही चाकं साधारण तीन वर्षांनी बाद होतात, ओल लागली तर त्याआधीच कमजोर होतात. मामाचा चाकांचा डबा मोरीच्या शेजारी होता! आता वर, कोरड्या कपाटात गेला आहे.

नवं चाक बसवलं की तोंडापासून दूर धरून, कुणाच्या रेषेत न ठेवता, एक मिनिट मोकळं फिरवायचं. फुटायचं असेल तर बऱ्याचदा तेव्हाच फुटतं. कापायच्या चाकाच्या बाजूनं घासायचं नाही. कापताना तुकडा चाकाला चिमटणार नाही असा शिकंजात धरायचा.

मामाची बोटं

सगळे धोके बंदुकीसारखा आवाज करत नाहीत. दोन-तीन वर्षांपासून डिसेंबरात पहाटे मामाची बोटं पांढरी पडतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला मेणबत्ती हातात असते आणि तो म्हणतो, धरलीय की नाही तेच कळत नाही. आम्हाला वाटायचं थंडी. हैदराबादची थंडी ती केवढी! डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मामानं अनेक वर्षं हवेच्या छिन्नीनं वेल्डिंगचा मळ काढला आहे.

या दुखण्याची नोंद शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी चुनखडीच्या दगडाचं मोठं काम चाले. तिथले दगडफोडे हवेच्या हातोड्यांनी काम करत. 1918 च्या हिवाळ्यात ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी तिथं जाऊन कामगारांची बोटं तपासली. पांढरी, बधिर. त्यांनी दोष हत्यारांच्या थरथरीला दिला. घट्ट पकड आणि थंडी त्यात भर घालतात हेही त्यांनी सांगितलं. सततच्या थरथरीनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. त्यात हवेच्या हत्याराची आणखी एक खोडी आहे: दाबलेली हवा पसरताना थंड होते, आणि ती गार हवा नेमकी बोटांवर येते.

उपाय मोठे नाहीत. हत्यार आवळून धरायचं नाही, कामाचं वजन त्याचं त्याला करू द्यायचं. बोथट छिन्नी, डगमगतं चाक, झिजलेलं बेअरिंग लगेच बदलायचं, कारण थरथर तिथूनच वाढते. हवा बाहेर पडायचं तोंड बोटांपासून दुसरीकडे वळवायचं. हात उबदार ठेवायचे. आणि एकाच माणसानं दिवसभर तेच काम करायचं नाही. मुंग्या येणं, बोटाचं टोक पांढरं होणं ही पहिली खूण. तेव्हाच काम बदललं तर दुखणं पुढं जाणं टळू शकतं. मामाला हे उशिरा कळलं. पोरांना वेळेवर कळावं एवढीच त्याची इच्छा.

डोळ्याला बंद कडांचा चष्मा आणि वर चेहऱ्याची ढाल, कानात प्लग, आणि कापताना धूळ उडत असेल तर मास्क. हे नवं नाही, सगळे जाणतात आणि खुंटीला टांगतात. पण एक गोष्ट पुष्कळांना खरंच माहीत नसते. काम संपलं की पोरं हवेच्या गननं कपडे झाडतात, केस झाडतात, एकमेकांच्या अंगावर चेष्टेनं हवा सोडतात. ही हवा छोट्याशा जखमेतून कातडीखाली शिरू शकते, डोळा आणि कानाचा पडदा फाडू शकते. चेष्टेत शरीरात हवा सोडल्यानं आतडी फाटून कामगार दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. मारणारा बहुतेक वेळा मित्रच असतो. कपडे ब्रशनं झाडायचे. याला अपवाद नाही.

1948 च्या कारखाना कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी 31 वं आणि डोळ्यांच्या रक्षणासाठी 35 वं कलम होतं. पण त्या कायद्याच्या मूळ व्याख्येत, वीज वापरणाऱ्या जागी किमान दहा कामगार असले तरच तो कारखाना. मामाकडे स्वतःला धरून चार माणसं. काचीगुड्यात, आणि कुठल्याही शहरात, अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. तिथं कुणी इन्स्पेक्टर येत नाही. तिथली तपासणी म्हणजे भिंतीवरची पाटी आणि ती वाचणारा पोरगा.

पाटी

शेवटी पाटी तयार झाली. पहिल्या खर्ड्यात मी ‘आर्द्रता’, ‘वंगण’, ‘परिभ्रमण’ असे शब्द घातले होते. मिस्त्रींनी विचारलं, “वंगण क्या होता बेटा?” मराठी त्यांना येतं, हा शब्द त्यांच्या हातातून कधी गेला नव्हता. मग दुकानातच चालणारे शब्द घेतले. नव्या पोराला तेलुगू वाचता येतं, म्हणून शेजारी तेलुगूत तेच, मैत्रिणीकडून लिहून घेतलेलं. मराठी बाजू अशी आहे:

1. सकाळी: तोंडात तेल चार थेंब. पाइप, जोड, गार्ड बघ.
2. चाकावरचे फेरे वाच. कटरपेक्षा कमी, तर लावू नको. तारीख बघ.
3. चाक बदलताना आधी हवेचा पाइप काढ.
4. नवं चाक एक मिनिट मोकळं फिरव. समोर कुणी नको.
5. लिव्हर दाबून काटा 90. त्याच्या वर नाही.
6. चष्मा, ढाल, कान. मग कटर.
7. बोटं पांढरी पडली, मुंग्या आल्या, तर मामाला सांग. त्यात लाज नाही.
8. अंगावर हवा मारायची नाही. स्वतःच्याही नाही.
9. संध्याकाळी: टाकीचं पाणी काढ, तेल चार थेंब, मग घरी.

1 मे रोजी ती लावली. त्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन असतोच. शिवाय 1955 साली पोप बारावे पायस यांनी तो दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. मामानं त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि खिळे ठोकले. पाटीच्या खाली त्यानं दारात रुतलेला तो चाकाचा तुकडा तारेनं बांधून लटकवला. मी म्हटलं, मामा, हे जरा जास्तच होतंय. तो म्हणाला, “असू दे. पाटी रोज वाचणार नाहीत. हा रोज दिसेल.”

सुट्टी संपल्यावर एका संध्याकाळी मी पुस्तक द्यायला म्हणून तिकडून गेले. शटर अर्ध्यावर होतं. आत तो पोरगा टाकीखाली वाकून ड्रेन उघडत होता. खालच्या पत्र्याच्या डब्यात तांबूस पाणी साठत होतं, आणि स्टेशनवर ऐकते तसाच ‘फिस्स’ आवाज येत होता.